श्रीसंत गाडगेबाबा आणि आजाऱ्याची सेवा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी एकेकाला एकेक संतचरित्र वाटून दिलं. आमच्या वाट्याला श्रीसंत गाडगेबाबा आले. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, सगळी हयात भाताच्या खाचरात आणि कीर्तनाच्या गादीवर गेली. तेव्हा लिहिण्यात काही उणं-अधिक झालं तर वाचणाऱ्या माउलींनी पदरात घ्यावं. बाबा तर शाळेची पायरीसुद्धा चढले नव्हते, आणि त्यांच्या कीर्तनाला वकील, डॉक्टर, मंत्री जमिनीवर मांडी घालून बसायचे. म्हणून आम्हीही धीर केला.

बाबांचं चरित्र पुष्कळांनी लिहिलं आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर बाबा हयात असतानाच लिहिलं. झाडू, खराटा, स्वच्छता हे पोरांनाही पाठ आहे. आम्ही इथं एकाच अंगानं सांगणार आहोत. आजारी माणूस आणि त्याच्या घरची माणसं यांच्यासाठी बाबांनी काय केलं, तेवढंच. असं का, तर आपल्या दिंडीतली तरुण पोरं आता दवाखान्यात सेवेला जायचं म्हणतात, आणि ती कशी करायची यावर आपल्या बैठकीत दोन तट पडले आहेत. वाद घालण्यापेक्षा बाबांच्या वाटेकडे बघावं, असं आम्हाला वाटलं.

जन्म आणि बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, अमरावती जिल्हा, अंजनगाव सुर्जी तालुका. घर परटाचं. नाव ठेवलं डेबूजी. बापाचं नाव झिंगराजी, आईचं सखूबाई. घर खाऊनपिऊन बरं होतं, पण दारू शिरली आणि शेत गेलं, घर गेलं, शेवटी झिंगराजीही गेले. डेबूजी तेव्हा अगदी लहान. सखूबाई पोराला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे म्हणून गाव आहे, तिथं मामा चंद्रभानजी राहायचे.

मामाच्या घरी डेबूजीनं गुरं राखली, गोठा काढला, नांगर धरला. कामाला पोरगा वाघ होता. पुढं सावकारानं कागदावर अंगठे घेऊन मामाची जमीन गिळली. त्या दुःखानं मामा खचले आणि गेले. सावकाराची माणसं शेतात उतरली तेव्हा डेबूजी औत सोडून हलला नाही. अक्षर न येणाऱ्या माणसाला कसं लुबाडतात ते त्यानं तेव्हाच पाहिलं. जन्मभर तो पोरांना शाळेत घाला म्हणून कंठशोष करीत राहिला, त्याचं मूळ इथं आहे.

कुंताबाईंशी लग्न झालं. मुलगी झाली, तिचं बारसं आलं. जातीची रीत अशी, की बारशाला दारू आणि मटण पाहिजेच. डेबूजीनं गोड जेवण वाढलं. भाऊबंद चिडले, पण त्यानं ऐकलं नाही. ज्या दारूनं बाप नेला ती दारात आणायची नाही, एवढं त्याचं पक्कं होतं. आमच्या आगरी-कोळी भागात हळदीला, बारशाला काय चालतं ते वाचणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक अडाणी परीट एकटा उभा राहू शकला, एवढं ध्यानात धरावं.

घर सोडलं

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीनं घर सोडलं. मागं आई, बायको, लेकरं. अंगावर ठिगळांचं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. लोकांनी कुठं गोधडेबाबा म्हटलं, कुठं चिंधेबाबा, आणि शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकलं.

गावात शिरले की कुणाच्या ओट्यावर बसायच्या आधी खराटा घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं, गटार उपसायचं, आणि रात्री त्याच लोकांपुढं कीर्तन. कीर्तनाची तऱ्हा न्यारी. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. देवाला बकरं मारू नका, नवसापायी कर्ज काढू नका, शिवाशीव पाळू नका, दारू सोडा, पोरं शिकवा. पायाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कुणाला शिष्य केलं नाही, कुणाचा कान फुंकला नाही. आम्ही कीर्तनकार मंडळी नारळ, हार, बिदागी घेतो आणि पाया पडायला रांग लागली की बरं वाटतं. बाबांचं चरित्र वाचताना आमच्यासारख्याची मान खाली जाते ती याच जागी.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला यात्रा भरते. काठावर चिखल, म्हातारी माणसं घसरून पडायची. बाबांनी स्वतः टोपली उचलली आणि पुढं लोकवर्गणीतून तिथं घाट झाला. देवदर्शनाला आलेल्या माणसाचा पाय मोडू नये, ही त्यांची पहिली मोठी सेवा. आजार होऊ नये म्हणून झाडू, आणि झाला तर मायेनं जवळ बसायचं, असा त्यांचा जन्मभराचा क्रम दिसतो.

चंद्रभागेचं वाळवंट

बाबा पंढरीला नेमानं जायचे. पण मंडळी, राऊळात जाऊन दर्शन घेण्यापेक्षा त्यांचा वेळ वाळवंटात जायचा. लाखो वारकरी येऊन गेल्यावर चंद्रभागेच्या काठी काय घाण होते ती आपण सगळे जाणतो, कारण ती आपणच करतो. ती बाबा झाडायचे.

त्याच वाळवंटात महारोगी बसलेले असायचे. घरच्यांनी टाकलेले, गावानं हाकललेले. बोटं झडलेली, जखमांवर माशा. वारकरी लांबून पैसा फेकायचा आणि अंग चोरून पुढं जायचा. बाबा त्यांच्याजवळ बसायचे, त्यांना आंघोळ घालायचे, धडका कपडा नेसवायचे, जेवू घालायचे. त्या काळात त्या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. आज सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पुरा बरा होतो. तेव्हा तसं नव्हतं. बाबांकडं देण्यासारखं औषध काहीच नव्हतं. हात होता. वर्षानुवर्षं ज्याला कुणी शिवलं नाही त्याच्या पाठीवर तो हात फिरला, तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल? त्याला विठ्ठल भेटला असेल, असं आम्हाला वाटतं. आणि तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे त्या जखमांवर लिहिलेलं नव्हतं.

पंढरीत उतरायला जागा नसायची. पावसात माणसं भिजायची. त्यातून अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला तर कुठल्याच धर्मशाळेत थारा नव्हता, देवळातही नव्हता. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा झाल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. बायकोमुलांनाही त्या पैशातलं काही मिळू दिलं नाही. पोटचा मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनाला उभे होते. कीर्तन त्यांनी थांबवलं नाही. यावरून कुणी बाबांना कठोर म्हणेल. आम्हाला असं वाटतं, की स्वतःचं दुःख असं आत गिळलेलं होतं, म्हणूनच दुसऱ्याचं दुःख त्यांना लांबून ओळखू यायचं.

मुंबईचा दवाखाना

आता आम्हाला जिथं यायचं होतं तिथं आलो.

मुंबईला भायखळ्याजवळ जे. जे. रुग्णालय आहे. सर जमशेटजी जिजीभाई या पारशी गृहस्थाच्या देणगीतून ते उभं राहिलं, १८४५ साली सुरू झालं. दान पारशाचं, आजूबाजूची वस्ती मुसलमानांची, आणि खाटेवर कोकणातला कुणबी, खानदेशातला भिल्ल, वऱ्हाडातला महार. सगळ्या देशाची गरिबी तिथं एका छपराखाली निजायची.

रुग्णाला खाट मिळायची. पण त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारा बाप, त्यांनी कुठं जायचं? मुंबईत ओळख ना पाळख. ती माणसं रस्त्याच्या कडेला, पावसात, गटाराशेजारी झोपायची. तिथंच तीन दगड मांडून भात शिजवायचा. आत पडलेल्या माणसाला ते ठाऊक असायचं. आपल्यापायी म्हातारी आई रस्त्यावर पडली आहे, हा घोर ज्याच्या उशाला आहे त्याला औषध तरी कसं लागणार? कितीतरी जण औषध अर्धं टाकून गावाला परतायचे.

बाबांनी हे ओळखलं. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा झाली. बाबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर शरीर बघतो, पण आजाऱ्याचा जीव आपल्या माणसात अडकलेला असतो. त्या माणसाला छप्पर दिलं की आजाऱ्याचं मन निम्मं निवतं. ही गोष्ट बाबांना कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. फुटपाथ झाडताना दिसली असणार.

पुढं बाबांच्या नावानं दादरलाही धर्मशाळा झाली. परळला टाटांचं कॅन्सरचं रुग्णालय १९४१ साली निघालं, तिथं देशभरातून माणसं येतात. बिहारचा हिंदू, बंगालचा मुसलमान, ईशान्येकडचा ख्रिस्ती, आपल्याकडचा बौद्ध असे रोगी आणि त्यांची माणसं तिथं उतरतात, एका पंगतीला जेवतात.

बाबांच्या नावानं दहा कामांची यादी सांगतात. गावोगावच्या भिंतींवर ती लिहिलेली आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी अशी ती सुरू होते. त्यात आंधळा, पांगळा, रोगी यांना औषधोपचार हे एक काम आहे. आणि दुःखी, निराश झालेल्याला हिंमत देणं हे वेगळं काम आहे. ही दोन कामं बाबांनी एकात घातली नाहीत, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचा अर्थ असा, की औषधाच्या जागी हिंमत चालत नाही, आणि नुसतं औषध दिलं म्हणून हिंमत येत नाही. औषधाच्या जागी अंगारा द्यायला बाबांचा कडक विरोध होता. आणि नुसती गोळी हातात टेकवून पाठ फिरवणं हेही त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

शेवटचे दिवस

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं शेवटचं मोठं कीर्तन झालं. त्याची ध्वनिफीत आजही ऐकायला मिळते. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी जरूर ऐकावी. ऐंशी वर्षांचा थकलेला देह, पण आवाज कसा!

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धर्म घेतला होता. बाबांचा आणि बाबासाहेबांचा जुना जिव्हाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती बातमी ऐकून बाबा फार कष्टी झाले असं सांगतात. ज्यानं आपला धर्म सोडला त्याच्यासाठी बाबांची माया आटली नाही, हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीजवळ वलगावच्या पुढं पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे.

आपण काय घ्यायचं

आता आपल्या दिंडीचं. १९७० नंतर सिडको आली, आपली शेतं गेली, मिठागरं गेली, नवी मुंबई झाली. पूर्वी आपल्याकडचा आजारी माणूस उरणहून लाँचनं नाहीतर पनवेलहून एस. टी.नं मुंबईला न्यावा लागायचा. १९७३ साली वाशीचा पूल झाला. आता तर मोठे दवाखाने आपल्याच जमिनीवर आहेत. खारघरला टाटांचं केंद्र २००२ पासून आहे. परमुलखातली माणसं कॅन्सर घेऊन येतात आणि आपल्या गावठाणात भाड्यानं खोली घेऊन महिनोन् महिने राहतात. बाबांना जे जे. जे.च्या दारात दिसलं ते आज आपल्या ओटीपुढं आलं आहे.

पोरं म्हणतात, टाळ-मृदंग घेऊन वॉर्डात भजन करू. भावना चांगली आहे. पण एका खाटेवर वारकरी आहे, शेजारी मुसलमान, पलीकडं ख्रिस्ती, समोर कुणीतरी शेवटच्या घटका मोजतोय. एकाला गोड लागेल तो आवाज दुसऱ्याला सोसवणार नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढं कीर्तन करणं हे कीर्तन नव्हे. बाबांचा श्रोता आपल्या पायांनी यायचा आणि नको असेल तर उठून जायचा. म्हणून ज्याला हवं त्याच्या उशाशी बसून हळू आवाजात नाम घ्यावं, आणि त्यालाही आधी विचारावं. टाळ दवाखान्याबाहेर वाजवावेत.

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका दवाखान्यात आमच्या ओळखीचा एक म्हातारा माळकरी ऑपरेशनला होता. तिथल्या माणसानं न सांगता गळ्यातली तुळशीची माळ कात्रीनं कापली. ऑपरेशनच्या वेळी अंगावर काही ठेवत नाहीत, ते बरोबरच आहे. पण ती माळ चाळीस वर्षं उतरली नव्हती. म्हातारा सुन्न झाला, कुणाशी बोलेना. ते दुःख ओळखलं शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान गवंड्यानं. त्याच्याही दंडावरचा ताईत उतरवलेला होता. त्यानं आपल्या बायकोला मणी शोधायला लावले. तिनं खाटेखालून ते गोळा करून पुरचुंडीत बांधून दिले. ऑपरेशनला जाताना म्हाताऱ्याच्या मुलानं ती पुरचुंडी दाराशी हातात धरून ठेवली, तेव्हा कुठं म्हातारा आत गेला. दोन शब्द आधी सांगितले असते, माळ घरच्यांच्या हातात दिली असती, तर काही बिघडलं नसतं. माळ, ताईत, क्रूस, शिखाचे केस, सगळ्याचं दुखणं एकच आहे. आपली माळ जशी आपल्याला, तसा त्याचा ताईत त्याला.

बैठकीत कुणी म्हणालं, की मुसलमान रोग्यानं मौलवी मागितला तर आपण का बोलवायचा, त्यानं आपला धर्म बाटतो. बाटत नाही, मायबाप. चोखोबाच्या नावाची धर्मशाळा देऊन टाकणाऱ्या बाबांचा बाटला नाही, तर एक फोन केल्यानं आपला कसा बाटेल? ख्रिस्ती माणसानं फादर मागितला तर फादर, बौद्धानं भंतेजी मागितले तर भंतेजी. निरोप पोचवायचा, खुर्ची द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. जेवण द्यायचं तर जात विचारायची नाही, पण काय चालतं ते जरूर विचारायचं. जैनाला कांदा-बटाटा चालत नाही, सूर्य मावळल्यावर तो जेवत नाही. मुसलमानाचा रोजा असेल तर डबा त्याच्या वेळेला द्यायचा. आणि पथ्य डॉक्टर सांगेल ते.

आपल्या माणसांनाही एक सांगणं आहे. साखरेचा आजार असलेले वारकरी एकादशीला गोळी घेतात आणि पोट रिकामं ठेवतात, मग चक्कर येऊन पडतात. डॉक्टरला एकादशी आहे हे आधी सांगावं, लाजू नये, आणि तो खा म्हणाला तर खावं. पांडुरंग रागावत नाही. काविळीला भगत आणि तापाला अंगारा हे तर आता आपल्या गावांतून जायलाच पाहिजे.

आणि कीर्तनकारांनी प्रारब्ध हा शब्द कीर्तनातच ठेवावा, खाटेजवळ नेऊ नये. कॅन्सर झालेल्या बाईला मागल्या जन्माचं पाप सांगणं हे तिच्या जखमेवर मीठ आहे. वाळवंटातल्या महारोग्याला बाबांनी त्याचं प्रारब्ध ऐकवलं नाही. त्याला आंघोळ घातली.

आमची दिंडीपुढं एक मागणी आहे. सिडकोनं जमीन घेतल्यावर आपण घरांवर मजले चढवले, खोल्या भाड्यानं दिल्या, त्यावर संसार चालले आहेत. ते चालू द्या. पण दिंडीतल्या प्रत्येक गावानं एक खोली, फक्त एक, दवाखान्यात आलेल्या गरिबाच्या माणसांसाठी बिनभाड्याची ठेवावी. एक चूल, पाणी, दोन चटया. धर्म विचारायचा नाही. त्या खोलीत ज्याला जशी प्रार्थना करायची तशी त्यानं करावी. वीस गावांच्या वीस खोल्या झाल्या तर बाबांची एक धर्मशाळा झाली. आमच्या घराची मागची खोली आम्ही पोरांशी बोलून मोकळी केली आहे. बाकीच्यांनी कार्तिकीच्या आत आपापल्या गावाचं नाव विणेकऱ्यांकडे द्यावं.

राम कृष्ण हरी.